धरणाच्या वरच्या अंगाला बसून वाचताना

आजच्या मराठी कथा-कादंबरीविषयी आणि ललित लेखनाविषयी बोलायचे, तर मी काही समीक्षक नव्हे. कविता लिहितो, बी.ए.पर्यंत शिकलो आणि गेली तीस-पस्तीस वर्षे हाती येईल ते वाचत आलो. तेव्हा जी मते मांडणार आहे ती एका वाचकाची आहेत. तो वाचक भोरला राहतो, हेही सुरुवातीलाच सांगितलेले बरे. कारण आपण कुठे बसून वाचतो, यावर पुस्तक आपल्याला कसे भेटते हे पुष्कळसे अवलंबून असते.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचे दोन डोंगरी तालुके. वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, पण आमच्या बोलण्यात अजून वेल्हेच आहे. इतिहासाच्या पुस्तकांत हा मुलूख रायरेश्वर, तोरणा आणि राजगडामुळे येतो. वर्तमानपत्रात मात्र तो येतो धरणांमुळे. भाटघर साडेतेवीस टीएमसी, नीरा देवघर ११.७३, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, गुंजवणी ३.६९. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. भाटघर-देवघरचे पाणी वीर धरणातून नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते. पानशेत-वरसगावचे खडकवासल्याच्या वाटेने पुण्याच्या नळांना आणि पुढे दौंडकडच्या शेतांना. आमच्याकडून पाणी खाली जाते आणि खालून, पुण्याहून, पुस्तके वर येतात. या देवघेवीत आमच्या वाट्याला काय आले, हे पाहण्याची मला सवय लागली आहे.

धरणावरची मराठी कादंबरी म्हटली की पहिले नाव निघते ते विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’चे. ती १९९१ साली आली आणि तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक प्रशासनात अधिकारी होते, त्यामुळे भूसंपादनाची नोटीस, मोबदला, पर्यायी जमीन, मधले दलाल, पुढारी या साऱ्या यंत्रणेची चाके कशी फिरतात हे त्यांना ठाऊक होते. शहरातल्या वाचकाला ‘धरणग्रस्त’ हा शब्द बातमीतून माहीत होता. त्या शब्दामागची माणसे या कादंबरीने त्याच्यासमोर आणून उभी केली. हे काम मोठे आहे.

तरीही वाचक म्हणून माझे एक म्हणणे आहे. अशा कादंबरीत अन्यायाची साखळी इतकी घट्ट असते की माणसाला त्या साखळीबाहेर श्वास घ्यायला जागा राहत नाही. तो अर्ज करतो, हेलपाटे घालतो, फसवला जातो, रडतो. पण तो चांदण्यात एकटा बसल्यावर काय विचार करतो, त्याला हसू कशाचे येते, बायकोशी तो कशावरून भांडतो, हे आपल्याला फारसे कळत नाही. पुढे ज्यांनी ज्यांनी खेड्यातल्या प्रश्नावर कादंबरी लिहायला घेतली, त्यांपैकी अनेकांनी ‘झाडाझडती’तली माहिती जमवण्याची चिकाटी घेतली नाही, नुसता आक्रोश तेवढा घेतला. प्रकरणे वाढत गेली, पाने वाढत गेली आणि माणूस मात्र फाइलीतल्या नावासारखा सपाट राहिला.

म्हणून कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचली तेव्हा मला वेगळेच वाटले. या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषय तोच, धरणाने उठवलेले लोक. पण गोष्ट फिरते ती एका म्हशीभोवती. गाव उठले, माणसे नव्या जागी गेली, म्हैस मात्र जुन्या मुलखात राहिली आणि रानटी झाली. तिला आणायला माणूस माघारी जातो. वरवर पाहिले तर एवढेच. पण त्या माणसाची आणि त्या जनावराची जी झुंज चालते, तिच्यात विस्थापन म्हणजे काय ते कळून येते. मोबदल्याचा आकडा सांगून ते कळले नसते. दावणीची म्हैस रानाला मिळते, तर मग उठवलेल्या माणसाचे काय होत असेल, हा प्रश्न लेखक विचारत नाही. आपल्याच मनात तो उभा राहतो.

‘रिंगाण’ची भाषा कोल्हापूरकडच्या डोंगराळ भागातल्या बोलीच्या वळणाने चालते. बोलीतली पुस्तके वाचायला जड जातात, अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. माझे मत उलट आहे. निवेदन पांढरपेशा मराठीत आणि पात्रांच्या तोंडी चार ‘गावरान’ शब्द, ही पद्धत मला जास्त जड जाते. त्यात लेखक खुर्चीवर बसलेला असतो आणि पात्र जमिनीवर. आमच्या खोऱ्यांतली बोली कोल्हापूरची नव्हे, तरी ‘रिंगाण’ वाचताना मला परके वाटले नाही, कारण तिथे सांगणारा आणि ज्याचे सांगायचे तो, दोघे एकाच पंगतीला बसले आहेत.

ग्रामीण कादंबरीबाबत आणखी एक खोड आपल्याला जडली आहे. गाव म्हटले की दुष्काळ. सदानंद देशमुखांची २००२ ची ‘बारोमास’ ही कोरडवाहू शेतकऱ्याच्या कोंडीची कादंबरी, आणि ती आपल्या जागी खरी आहे. पण तिचा साचा सगळ्या महाराष्ट्राला कसा बसेल? वेल्ह्यात पाऊस धो धो कोसळतो. इथला शेतकरी राब भाजतो, चिखलणी करतो, भात लावतो. आणि डोळ्यांसमोर धरण तुडुंब भरलेले असताना काठावरच्या वाड्या-वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाण्याच्या काठावरची ही तहान दुष्काळी साच्यात मावत नाही. तिला वेगळी कादंबरी लागेल.

आता ललित लेखनाकडे वळतो. रविवारच्या पुरवण्यांतून आणि संग्रहांतून मी ते आवडीने वाचतो. त्यात पावसाचे लेख भरपूर. पहिला पाऊस, मातीचा वास, खिडकी, वाफाळता चहा आणि हरवलेले बालपण. लेखणी गोड असते, पण त्या पावसात कोणी भिजत नाही. कंबरेत वाकून दिवसभर रोपे लावणारी बाई त्या खिडकीतून दिसत नाही. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ला आता सत्तर वर्षे होत आली, तरी ते ताजे वाटते, कारण दुर्गाबाई आधी पाहतात आणि मग लिहितात. झाड कोणते, फूल कोणते, कोणत्या महिन्यात, हे त्यांना पक्के माहीत असते. भावना त्या माहितीतून उगवते.

अनिल अवचटांचेही तसेच. ते २०२२ मध्ये गेले. ‘धागे आडवे उभे’ या पुस्तकात ते यंत्रमाग आणि विडी कामगारांसारख्या कष्टकऱ्यांकडे जातात, तेव्हा साधे प्रश्न विचारतात. दिवसाला किती काम होते, हाती काय पडते, पाठ दुखते का? ही चौकशी म्हणजेच त्यांचे लालित्य. आजच्या ललित लेखकाने एवढे जरी त्यांच्याकडून उचलले, तरी निम्मे उसासे कमी होतील. दर उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरले की कांबऱ्याचे महादेवाचे देऊळ उघडे पडते. फोटो येतात, लेख येतात, ‘काळाच्या उदरातून’ वगैरे लिहिले जाते. देवळाभोवती एके काळी शेते असतील, वहिवाटीची पायवाट असेल. त्या शेतांची नावे काय होती, हे एखाद्या लेखाने विचारावे असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट मी मुसलमान वाचक म्हणून पाहतो. मराठी कथेत मुसलमान पात्र आले की ते बहुधा मोडकी हिंदी बोलते आणि एक तर देवमाणूस असते, नाही तर संशयित. आमच्या खोऱ्यांतला मुसलमान शेजाऱ्यासारखेच मराठी बोलतो, पावसाची वाट त्याच्यासारखीच पाहतो, आणि गाव उठते तेव्हा त्याच्यासारखाच उठतो. हमीद दलवाईंनी ‘इंधन’ १९६५ मध्ये लिहिली. कोकणातल्या एका गावातले मुसलमान आणि हिंदू तिथे आपापल्या स्वार्थांसह, प्रेमांसह आणि भित्रेपणासह वावरतात. कोणाला देव केलेले नाही, कोणाला सैतानही नाही. साठ वर्षे झाली, पण ती उंची आपण क्वचितच गाठली.

शहरी लेखनात मला जयंत पवार जवळचे वाटतात. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या त्यांच्या संग्रहाला २०१२ चा अकादमी पुरस्कार मिळाला. गिरणगावाच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले, तेव्हा त्या जागेवरच्या माणसांचे काय झाले, हे त्यांच्या कथा सांगतात. डोंगराकडच्या कितीतरी घरांतली माणसे मुंबईला पोटासाठी गेली होती. जमीन पाण्याखाली जाणे आणि गिरणीची जमीन विकली जाणे, या दोन गोष्टी मला त्या कथा वाचताना एकाच घराण्यातल्या वाटल्या. आज आमच्या धरणांच्या काठांवर फार्महाउसे आणि रिसॉर्ट उभी राहत आहेत. ज्याच्या आजोबाने पाण्यासाठी जमीन दिली, त्याचा नातू पाण्याचा देखावा विकत घेणाऱ्याच्या फाटकावर रखवालीला बसतो. ही कथा मला अजून वाचायला मिळालेली नाही.

आणि एक कादंबरी तर कोणी लिहिलीच पाहिजे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले. पाणी पुण्यात कुठवर चढले, कोणता पूल बुडाला, कोणत्या पेठेत काय झाले, हे पुणेकरांनी पुष्कळ लिहिले आहे आणि ते लिहायलाच हवे होते. पण धरणाच्या वरच्या अंगाला काय झाले? आपल्या जमिनीवर पाणी चढताना लोकांनी पाहिले. मग ते एकाएकी ओसरताना पाहिले. पुढे धरण पुन्हा उभे राहिले आणि पाणी पुन्हा चढले. त्या मधल्या काळात, जमीन उघडी पडली असताना, कोणी पुन्हा नांगर धरायचा विचार केला असेल का? कोणाला वाटले असेल का, की देवाने आपले ऐकले? आणि त्याच वेळी खाली पुण्यात घरे वाहून गेली होती, या जाणिवेचे ओझे कोणी कसे वाहिले असेल? माझ्या वाचनात या प्रश्नांना हात घालणारे पुस्तक आलेले नाही.

१९६१ मध्ये जो दहा वर्षांचा होता तो आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. आमच्याकडच्या लिहित्या मुलांना मी एवढेच सांगतो, की आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. उपमा नंतर शोधा. बुडालेल्या खाचरांची नावे आधी लिहून घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)