तेल किती किलोव्होल्ट सोसते?

पावसाळ्याआधी उपकेंद्रांत ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची ‘बीडीव्ही’ काढतात. किती व्होल्टेजला तेल हार खाऊन विजेला वाट देते, ते यातून कळते. हे काम मी जवळून पाहिले आहे. त्यातला कस चाचणीच्या किटपेक्षा नमुना घेणाऱ्याच्या हातांचा लागतो.

पाणी आणि गाळ तळाशी बसतो, म्हणून नमुना खालच्या व्हॉल्व्हमधून घेतात. पहिले तेल वाहू देतात, कोरडी बाटली त्याच तेलाने विसळतात आणि धार काचेच्या कडेने सोडतात, म्हणजे बुडबुडे होत नाहीत. आतून बोट लावायचे नाही, फडके फिरवायचे नाही. एखादा धागाही आकडा पाडतो.

किटच्या भांड्यात दोन इलेक्ट्रोड असतात, मधली फट 2.5 मिलिमीटरची. तेल ओतून पाच मिनिटे स्थिरावू देतात. मग व्होल्टेज सेकंदाला 2 किलोव्होल्टने चढू लागते. हवेत एवढ्या फटीला दहा किलोव्होल्टच्या आतच ठिणगी पडते. इथे काटा 20, 30, 40 ओलांडतो, तरी तेल निश्चल. मग अचानक ‘टक्’ असा आवाज होतो, फटीत ठिणगी चमकते आणि किट ट्रिप होते. तेल ढवळून, दोन-दोन मिनिटे थांबून असे सहा वेळा करतात. सहा आकड्यांची सरासरी म्हणजे बीडीव्ही. नवे तेल गाळून, सुकवून घेतल्यावर 70 किलोव्होल्ट सोसावे, ही भारतीय मानकाची अट आहे.

आकडा घसरतो तो मुख्यतः ओलाव्यामुळे. तेलात कागदाचे, कापसाचे सूक्ष्म तंतू तरंगत असतात. ते पाणी शोषतात, विद्युतक्षेत्राने फटीकडे ओढले जातात आणि टोकाला टोक लागून त्यांचा पूल तयार होतो. वीज त्यावरूनच पलीकडे जाते. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे तेलही म्हणून नापास होऊ शकते. तेव्हा ते फिल्टर मशीनमध्ये तापवून गाळतात आणि निर्वातात त्यातले पाणी, हवा काढून घेतात.

तेल बिघडू न देणे त्याहून सोपे. ट्रान्सफॉर्मर ब्रीदरमधून श्वास घेतो, आणि आत जाणाऱ्या हवेतला दमटपणा तिथले सिलिका जेल अडवते. ते निळ्याचे गुलाबी झाले की त्याची ताकद संपली. देखभाल करणाऱ्यांनी पहिल्या पावसाची वाट न पाहता ते बदलावे.