सांधा नसलेलं कडं

मे महिन्यातली सकाळ. वेल्समधल्या एका पक्षिपालकाच्या शेडमध्ये मी बहिरी ससाण्याचं दहा दिवसांचं पिल्लू ओंजळीत धरून उभा होतो. अंगावर पांढरी लव, लाव्याच्या खिम्यानं टच्च झालेलं पोट. पालकानं त्याच्या पायाला व्हॅसलीन लावलं, पुढची तीन बोटं जुळवून कड्यात ओवली, मागचं बोट पायाच्या नळीला चिकटवून धरलं आणि कडं वर सरकवलं. मग काडीनं ते बोट अलगद मोकळं केलं.

काम अर्ध्या मिनिटाचं, पण वेळ चुकून चालत नाही. लवकर घातलं तर गळून पडतं. उशीर झाला तर पंजा आत जात नाही. मादी नरापेक्षा बरीच मोठी, म्हणून तिचं कडंही मोठं. या वयात नर-मादी ओळखायची ती पायाच्या जाडीवरून. आपल्याकडे बाळाचे वाळे पाय वाढला की बदलतात. हे कडं बदलता येत नाही, कारण त्याला सांधाच नसतो. पाय भरला की ते जन्माचं.

म्हणूनच असं कडं ही पिल्लू घरीच जन्मल्याची खूण मानतात. पण रानातल्या कपारीतून उचललेल्या पिल्लाच्या पायातही ते जातंच की! म्हणून मला कड्यापेक्षा पालकाची वही महत्त्वाची वाटली. आई-बापांच्या कड्यांचे क्रमांक, अंडं घातल्याची तारीख, उबवणी यंत्राचं तापमान, अंड्याचं रोज घटणारं वजन, सगळं तीत होतं. ब्रिटनमध्ये १९८१च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे पाळलेल्या बहिरीची सरकारदरबारी नोंद लागते. विकायचा तर कड्याचा क्रमांक असलेलं प्रमाणपत्र वेगळं. शंका आली तर रक्ताची डीएनए तपासणी होते. १९९०च्या दशकात याच तपासणीनं काही पालकांचा खोटेपणा कोर्टात उघडा पडला: 'घरची' म्हणून दाखवलेली पिल्लं त्या जोडीची नव्हतीच.

हा काच मला योग्य वाटतो. डीडीटीसारख्या कीटकनाशकांमुळे १९५० आणि ६०च्या दशकांत तिथली बहिरी झपाट्यानं घटली होती. पुन्हा सावरलेली घरटी चोरांच्या हाती कशी द्यायची?

भारतात मात्र कडं दाखवून सुटका नाही. १९७२च्या कायद्यानं आपले शिकारी पक्षी संरक्षित आहेत. त्यांची खासगी पैदास करून विकायला मुभा नाही. शिक्रा, ससाणा किंवा घुबड कुणी विकताना दिसलं, तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.