गडी, मुकादम आणि पिवळी जर्सी

दसरा उलटला की आष्टी तालुक्यातल्या कड्याच्या आसपासच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या हलतात. मुकादमाने कारखान्याकडून उचल घेतलेली असते, ती त्याने कोयत्यामागे वाटलेली असते, आणि हंगामभर कुणाच्या अंगावर किती बाकी याचा हिशेब त्याच्या वहीत असतो. या भागात ‘गडी’ हा शब्द दोन्हीकडे चालतो: कबड्डीत दम धरतो तोही गडी आणि सालावर राबतो तोही गडी. सायकल शर्यतीत नायकासाठी राबणाऱ्या स्वाराला फ्रेंच लोक ‘दोमेस्तिक’ म्हणतात, म्हणजे सरळ घरगडी. १९११ च्या टूर द फ्रान्समध्ये मोरिस ब्रोको मागे पडला आणि त्याने आपली ताकद दुसऱ्या स्वारांना भाड्याने द्यायला काढली. संयोजक आंरी देग्रांजने चिडून त्याला हा शब्द हिणवायला वापरला. म्हणजे सायकलीवरचा गडी जन्मला तो मजुरीतून; निष्ठेची कहाणी नंतर रचली गेली. हा मजुरीचा धागा लक्षात ठेवला तर टप्प्यांच्या शर्यतींतले मानापमान नीट उलगडतात.

मुळात एकट्याने का जिंकता येत नाही? आष्टी तालुक्यातल्याच मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन केनियन धावपटूंपुढे एकटा होता; तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावला आणि सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. त्याचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर होता. सायकलींचा घोळका सपाटीला सहज त्याच्या दुप्पट वेगाने जातो, आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. पुढच्याच्या चाकाला चिकटून बसणाऱ्याची साधारण एक तृतीयांश ताकद वाचते. ती वाचवून देणं हेच गड्याचं काम. शिवाय तो संघाच्या गाडीपर्यंत मागे जातो, जर्सीत पुढून-मागून पाण्याच्या बाटल्या कोंबतो आणि तसाच फुगलेला, घामाघूम, पुन्हा घोळका गाठतो. एका दिवसाच्या शर्यतीत हे कष्ट तिथल्या तिथे संपतात. मुंबई–पुणे शर्यतीने आपली नजर तशीच घडवली आहे. बोरघाट चढणारा ‘घाटाचा राजा’ आपल्याला दिसतो. टप्प्यांच्या शर्यतीत मात्र उद्या पुन्हा निघायचं असतं, त्यामुळे आजचं देणं उद्यावर चढतं. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा ४३७ किलोमीटरचा असला चोपडीचा खेळ पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर आला.

यावर कुणी रेने व्हिएतोचं नाव घेईल. १९३४ साली वीस वर्षांच्या या पोराने पिरेनीजमध्ये नायक आंतोनँ मान्येला आपलं चाक काढून दिलं आणि कठड्यावर रडत बसला. दुसऱ्या दिवशी मागे वळून, घाट परत चढून, अख्खी सायकल दिली. मान्ये जिंकला, व्हिएतो पाचवा आला. त्या रडण्याचा फोटो डोळ्यांत पाणी आणणारा आहे खरा, पण माझ्या मते त्याने खेळाचं नुकसानच केलं: नायकाने काय परत केलं, हा प्रश्न विचारणंच त्यानंतर असभ्य ठरलं. तो प्रश्न १९८६ मध्ये उघड्यावर आला. आदल्या वर्षी ग्रेग लेमाँडने संघाच्या सांगण्यावरून स्वतःला आवरलं होतं, आणि त्याच संघातल्या, पाचवी टूर जिंकलेल्या बर्नार इनोने पुढच्या वर्षी तुझ्यासाठी राबेन असा शब्द दिला होता. ती वेळ आली तेव्हा इनोने पो गावच्या टप्प्यात मुसंडी मारून पाच मिनिटांहून अधिक आघाडी घेतली आणि लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला चढवला. संघ दुभंगला, फ्रेंच स्वार इनोकडे, अमेरिकेचा हॅम्पस्टन आणि कॅनडाचा बावर लेमाँडकडे. शेवटी लेमाँडच जिंकला, पण मुकादमानेच उचल बुडवली की टोळीचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं.

पगारी खेळाडूंची तुलना ऊसतोड मजुराशी करणं क्रूर आहे, असा आक्षेप येईल. योग्यच आहे, तोडणीला जाणाऱ्याला घरी बसायची मुभा नसते. साम्य फक्त वहीचं आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: पगार मिळतो, मग देणं उरतंच कुठे? याचं उत्तर २०२३ च्या स्पेनमधल्या व्हुएल्टात आहे. सेप कुस या गड्याने त्या वर्षी इटलीत आपल्याच संघातल्या रोग्लिचसाठी आणि फ्रान्समध्ये विंगेगार्डसाठी घाट ओढले, दोघेही जिंकले. तिसऱ्या शर्यतीत आघाडीची जर्सी नशिबाने कुसच्याच अंगावर आली. पगार चुकता झालेला होता, तरी अँग्लिरूच्या भयंकर चढावर ते दोघे त्याला सोडून पुढे गेले तेव्हा जगभरचे प्रेक्षक खवळले. हिशेबाची वही त्यांच्याही डोक्यात होती. कुसची आघाडी आठ सेकंदांवर आली. पुढे संघाने त्याच्या मागे उभं राहायचं ठरवलं आणि माद्रिदला तो विंगेगार्डपेक्षा १७ सेकंदांनी पुढे होता. ते आठ सेकंद मात्र सोबत्यांनी राखलेले नव्हते. धुक्यातल्या त्या चढावर कुस मिकेल लांदाच्या चाकाला चिकटून वर आला, आणि वर पोचल्यावर त्याने लांदाचे आभार मानले. लांदा दुसऱ्या संघाचा होता.