आडातले पाणी

लोखंडाच्या खाणी आणि जहाजांचे कारखाने यांच्या जोरावर स्पेनच्या उत्तरेस नेर्व्हिओन नदीकाठी भरभराटलेल्या बिल्बाओ शहरात, विलायतेहून आलेले खलाशी व कारागीर आणि विलायतेत शिकून परतलेले बास्क तरुण यांच्या संगतीतून १८९८ साली ज्या फुटबॉल क्लबचा जन्म झाला, त्याचे नाव आजही इंग्रजीच आहे : अ‍ॅथलेटिक क्लब. फ्रँकोच्या अमदानीत परभाषेतील नावांवर गदा आली, तेव्हा १९४१ मध्ये त्याचे ‘आत्लेतिको’ करणे भाग पडले. पण १९७२ मध्ये संधी मिळताच क्लबने आपले जुने इंग्रजी नाव पुन्हा धारण केले. स्वदेशीचा इतका कडवा अभिमान बाळगणाऱ्या संस्थेला परकी अक्षरे एवढी प्रिय असावीत, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

हा अभिमान म्हणजे नुसती घोषणा नव्हे. बास्क मुलुखात जन्मलेला किंवा तेथील मैदानांवर तयार झालेला खेळाडू असेल तरच त्याने लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा अंगात घालावा, असा या क्लबचा शंभरांहून अधिक वर्षांचा शिरस्ता आहे. आणि कोणत्याही कलमात नोंदलेला नसतानाही तो एखाद्या सनदेसारखा पाळला जातो. जगभरचे क्लब खेळाडूंचा बाजार धुंडाळत असताना या क्लबने मात्र आपण होऊन आपले हात बांधून घेतले आहेत. तरीही १९२९ मध्ये स्पेनची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाल्यापासून पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली न घसरलेले जे तीन क्लब आहेत, त्यांत रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्या पंक्तीला तिसरा हाच बसतो.

आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण बिल्बाओच्या कारभाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण शहराबाहेर काही मैलांवर, लेझामा या खेड्यात १९७१ साली त्यांनी जे प्रशिक्षण केंद्र उघडले, तो आडच होय. अन्य क्लबांत अकादमी ही बरीचशी शोभेची वस्तू असते. पीक बुडाले तर बाजारातून धान्य आणता येते. येथे तशी सोय नाही. म्हणून गावोगावच्या छोट्या क्लबांतून हेरलेला दहा-अकरा वर्षांचा पोर लेझामाला आला, की पुढे वयोगटांच्या पायऱ्या, मग बास्कोनिया हा पोटसंघ, मग राखीव संघ अशी त्याची मजल दरमजल वर्षानुवर्षे चालते, आणि हजारांतून एखादाच मुख्य संघापर्यंत पोहोचतो. सान मामेस हे जुने मैदान २०१३ मध्ये पाडले, तेव्हा त्याच्या सज्जावरील प्रचंड लोखंडी कमान भंगारात न काढता लेझामाला आणून उभी केली. सरावाच्या मैदानावरून मुलांनी मान वर केली की ती दिसते.

आणखी एक प्रथा. एखादा संघ सान मामेसवर, म्हणजे आता त्याच नावाच्या नव्या मैदानावर, प्रथमच खेळायला आला, म्हणजे त्याचा कर्णधार पिचिचीच्या अर्धपुतळ्यापाशी पुष्पगुच्छ ठेवतो. पिचिची म्हणजे राफाएल मोरेनो. डोक्याला पांढरा रुमाल बांधून खेळणारा, १९१३ मध्ये जुन्या मैदानावरचा पहिला गोल करणारा, आणि १९२२ मध्ये तिशी गाठण्यापूर्वीच ज्वराने गेलेला वीर. स्पेनमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यास मिळणारा मान आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

या व्रताची किंमत मोजावी लागतेच. २०१८ साली लापोर्त आणि केपा या लेझामात घडलेल्या दोघांना इंग्लंडच्या धनाढ्य क्लबांनी करारातील सुटकेची पुरी रक्कम भरून नेले. एकट्या केपापोटी आठ कोटी युरो तिजोरीत आले. पण त्या पैशाने घ्यायचे काय? विकत घेण्याजोगा माल अवघ्या काही प्रांतांपुरता, आणि बिल्बाओच्या खिशाची जाडी ठाऊक असल्याने त्याचा भावही चढा! शेजारचे बास्क क्लब तर आमची पोरे पळवता म्हणून बोटे मोडतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

जन्मावरून माणसाची पारख करणाऱ्या कोणत्याही नियमाविषयी मला मुळातच संशय वाटतो, आणि ‘किंवा तेथे तयार झालेला’ एवढी सवलत नसती, तर या क्लबविषयी इतक्या आपुलकीने लिहिणे मला जमले नसते. घानाहून निघून, वाटेत सहारा वाळवंट अनवाणी तुडवून स्पेनमध्ये आलेल्या एका दांपत्याला १९९४ मध्ये बिल्बाओतच मुलगा झाला, तो इन्याकी विल्यम्स. त्याने पुढे राष्ट्रीय साखळीत लागोपाठ २५१ सामने न चुकता खेळण्याचा विक्रम केला. पाठचा भाऊ निको पाम्प्लोनाचा. थोरला घानाकडून खेळतो, धाकटा स्पेनकडून. आणि दोघेही अ‍ॅथलेटिकचे.

१९८३ आणि १९८४ मध्ये साखळी स्पर्धा जिंकल्यावर खेळाडूंना ‘गबारा’ नावाच्या मालवाहू पडावावर बसवून नदीतून मिरवण्यात आले होते. राजाच्या चषकाचे मात्र १९८४ नंतर सहा अंतिम सामने एकामागून एक हरले, आणि पडाव धक्क्याला लागला तो लागलाच. अखेर ६ एप्रिल २०२४ रोजी सेव्हिलमध्ये मायोर्काविरुद्ध पेनल्टींवर चषक हाती आला, आणि पाच दिवसांनी, चाळीस वर्षांनंतर, तोच पडाव पुन्हा पाण्यात निघाला. दोन्ही तीर माणसांनी फुलून गेले होते. पहिली मिरवणूक पाहिलेले आजोबा आपल्या नातवंडांना हात धरून घेऊन आले होते, आणि पडावावर दोघे विल्यम्स बंधू उभे होते.