आजोबांच्या हातून पट्टी का निसटते?

हिवाळ्यातली सकाळ. अहिल्यानगरला लागून असलेल्या भिंगारमधील एखाद्या घराच्या ओट्यावर आजोबा आणि नातू उन्हाला बसले आहेत, अशी कल्पना करा. नातू ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरतो. आजोबा शून्याच्या खुणेपाशी चिमूट उघडी ठेवतात. नातू न सांगता पट्टी सोडतो. आजोबा ती पकडतात २९ सेंटिमीटरवर. मग पाळी नातवाची. तो पकडतो १९ वर!

पडणाऱ्या वस्तूच्या नियमाने हिशेब केला, तर आजोबांना सुमारे २४३ मिलिसेकंद लागले आणि नातवाला १९७. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) फरक ४६ मिलिसेकंदांचा. ‘आजोबांच्या नसा म्हाताऱ्या झाल्या,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण हे कितपत खरे आहे? पाहू या.

मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो, हे मोजताच येणार नाही, असे एकेकाळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटे. १८५० साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ते मोजून दाखवले. त्याने बेडकाच्या मज्जातंतूला आधी स्नायूजवळ आणि मग स्नायूपासून दूर विजेचा सौम्य झटका दिला. दुसऱ्या वेळी स्नायू किंचित उशिरा आखडला. दोन जागांमधील अंतराला त्या उशिराने भागले की झाला वेग! तो निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर. आज रुग्णालयात माणसाच्या हातापायांची तपासणी होते, तीही याच तत्त्वावर.

निरोगी तरुणाच्या हातात हा वेग सेकंदाला ५० ते ६० मीटर असतो. या वेगाने निघालेला निरोप नगरहून भिंगारला दोन मिनिटांच्या आत पोचेल! याचे श्रेय मायलिन या स्निग्ध आवरणाचे. ते तंतूभोवती तुकड्यातुकड्यांनी गुंडाळलेले असते. दोन तुकड्यांमध्ये बारीक खाच असते आणि संदेश एका खाचेवरून दुसरीवर उड्या मारीत जातो.

वय वाढते तसे काही तुकडे झिजतात. शरीर ते पुन्हा बनवते, पण नवे तुकडे आखूड असतात. उड्या आखूड झाल्या की वेग घटतो. शिवाय जाड, वेगवान तंतूंची संख्याही कमी होते. तरीही पन्नाशीनंतर ही घट दर दहा वर्षांत सेकंदाला साधारण एक-दोन मीटरच असते.

आता आजोबांचा हिशेब करू. मानेपासून हातापर्यंत ७५ सेंटिमीटर अंतर धरा. सेकंदाला ६० मीटर वेगाने १२.५ मिलिसेकंद लागतात, ५५ मीटरने १३.६. फरक जेमतेम एका मिलिसेकंदाचा! मग उरलेले ४५ गेले कुठे? ते मुख्यतः मेंदूत पाहिलेले ओळखण्यात आणि ‘पकड’ हा हुकूम काढण्यात गेले. थोडे स्नायू आखडण्यात. थंडीचाही वाटा असेल. हात एका अंशाने गार झाला, तर वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरने उतरतो. दहा-वीस वर्षांत वय जेवढा वेग घेते, तेवढा गारठा काही मिनिटांत घेतो. म्हणूनच तपासणीपूर्वी गार हात ऊबदार करून घेतात.

वेगापेक्षा संवेदना अधिक मंदावते. पायाकडे जाणारे तंतू सर्वांत लांब. त्यांतून येणारा संदेश उतारवयात क्षीण होतो. निरोगी वृद्धांनाही घोट्याजवळची कंपने कमी जाणवतात. त्यामुळे अंधारात तोल सांभाळणे जड जाते. रात्री वाटेत एक दिवा लावून ठेवणे, रस्ता ओलांडताना त्यांना घाई न करणे, हा या विज्ञानाचा घरगुती उपयोग.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाय बधिर होणे, तळव्यांची आग होणे, जखम झालेली न कळणे, याला ‘वय झाले’ हे उत्तर नव्हे. वय हळूहळू, थोडेच हिरावते. अशा तक्रारींमागे मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा कुष्ठरोगही असू शकतो आणि वेळीच कळले तर उपचार होतात. म्हणून अशा वेळी डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

करून पाहा : घरातील प्रत्येकाची ही चाचणी दहा वेळा घ्या आणि सरासरी काढा. मग हात उन्हात शेकून पुन्हा मोजा. आकडे बदलतात का?