प्रूस्तची रात्रपाळी

दुपारी चार
साल १९१६. युद्ध चालू आहे. कचेऱ्यांतल्या लोकांना घरी जायचे वेध लागतात, त्या सुमारास पॅरिसमधल्या १०२, बुलव्हार ऑसमान इथे फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त जागा होतो. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून त्याने १९१० साली खोलीला आतून बुचाचे तक्ते ठोकून घेतलेत. दमा लहानपणापासूनचा. उठल्याबरोबर तो औषधी पूड जाळून धूर छातीत भरून घेतो. काडेपेटीतल्या गंधकाचा वास सोसत नाही, म्हणून पूड पेटवायची ती मेणबत्तीवर.

संध्याकाळी सहा
घंटी वाजली की घर सांभाळणारी सेलेस्त आल्बारे ट्रे आणते. कॉफी पोटात जाईपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही. बारीक दळलेली, गाळणीतून थेंबाथेंबाने उतरलेली कडक कॉफी, गरम दूध, एखादं क्रोसाँ. कित्येक दिवस एवढ्यावरच निभतं. मग टपाल, वर्तमानपत्रं.

रात्री दहा
तब्येत बरी असली तर बाहेर, कधी रिट्झ हॉटेलात. तिथली बोलणी, पेहराव, वागण्याच्या लकबी तो टिपून घेतो. परतल्यावर सेलेस्तला सगळं साभिनय ऐकवतो. तो लिहीत असलेल्या कादंबरीत व्हँतय नावाचा संगीतकार आहे. त्याच्याविषयी लिहायचं तर संगीत कानात हवं. याच वर्षी प्रूस्तने पूले चतुष्टयाला, म्हणजे चार वादकांच्या संचाला, रात्री घरी बोलावून सेझार फ्रांकची रचना वाजवून घेतली.

मध्यरात्रीनंतर
आता खरं काम. उशांना टेकून, खांद्यांवर लोकरी कपडे, पायांशी गरम पाण्याच्या पिशव्या. टेबल नाही, गुडघ्यावर वही, हातात साधा टाक. तो खाली पडला तर धूळ उडेल म्हणून उचलायचा नाही, दुसरा घ्यायचा. लिहिलेल्या वाक्याच्या पोटात नवं वाक्य शिरतं. समास भरले की कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या. काहींची घडी उलगडली की मीटरभराहून लांब भरतात. प्रकाशकांनी नाकारलेला पहिला खंड त्याने १९१३ मध्ये पदरमोड करून छापवला. तेव्हा बेत तीन खंडांचा होता. युद्धाने छपाई थांबली, लेखन थांबलं नाही. अखेर सात खंड झाले.

सकाळी आठ
शहर कामाला लागतं, तेव्हा तो झोपेचं औषध घेऊन डोळे मिटतो.

डिसेंबर १९१९ मध्ये दुसऱ्या खंडाला गाँकूर हा फ्रान्समधला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला, सहा विरुद्ध चार मतांनी. अठ्ठेचाळीस वर्षांच्या सधन माणसापेक्षा युद्धावर लिहिणारा रोलां दोर्जलेस योग्य होता, अशी ओरड झाली. सैनिकांविषयीची ती भावना समजते. पण प्रूस्तला रिकामटेकडा समजणं अन्यायाचं होतं. त्याच्याजवळ पैसा होता, श्वास नव्हता; उरलेलं सगळं बळ त्याने कादंबरीला दिलं. नोव्हेंबर १९२२ मध्ये, मरणाच्या आदल्या रात्रीही तो सेलेस्तला मजकूर सांगत होता. शेवटचे तीन खंड त्याच्यामागे निघाले, आणि या रात्रपाळीचा हिशेब १९२७ मध्ये पूर्ण झाला.