गोल करवत : हात आणि माप

गोल करवतीवर एखाद्या सुताराचें बोट तुटलें असें ऐकिलें म्हणजे आपण त्याच्या निष्काळजीपणास दोष देऊन मोकळे होतों. हा न्याय पुरा नव्हे. माणसाचें लक्ष क्षणभर ढळावयाचेंच. परंतु त्या क्षणीं हात जावा कीं राहावा, हें पुष्कळ अंशीं यंत्राच्या मांडणीवर अवलंबून असतें. नासरेथांत आमचे प्रभु ज्या धंद्यांत वाढले, त्याच धंद्यावर आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचीं घरें चालतात. म्हणून ही मांडणी थोड्या खर्चांत कशी सुधारतां येते, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

नव्या घरांत फर्निचरचें काम चाललें असतां जें यंत्र दृष्टीस पडतें, तें बहुधा कारखान्यांत तयार झालेलें नसतें. हातांत धरून चालविण्याची विजेची करवत उलटी करून प्लायवुडच्या तक्त्याखालीं स्क्रूंनीं बसवितात, पातें वर काढितात, आणि सुरू करण्याचा खटका तारेनें बांधून टाकितात. ह्या युक्तीस आम्ही हंसत नाहीं. तींत कल्पकता आहे. मात्र मूळचें झांकण ह्या उलथापालथींत निरुपयोगी होतें, आणि यंत्र तात्काळ थांबविण्याची सोयहि जाते. १८५ मिलिमीटर व्यासाचें पातें मिनिटास ५००० फेरे घेत असेल, तर त्याचे दांते सेकंदास सुमारें ४८ मीटर, म्हणजे ताशीं १७० किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवतात. हात मागें घेण्यास अवधि उरत नाहीं.

बोट पात्यावर घसरणें हा उघड धोका झाला. दुसरा अधिक कपटी आहे. पात्याच्या पुढील अंगाचे दांते खालीं उतरत असल्यामुळें ते लांकूड तक्त्यावर दाबून धरितात. मागील अंगाचे दांते मात्र वर चढत असतात. लांकडांतील ताण सुटून चीर मिटूं लागली, किंवा आधारपट्टी मागल्या टोकास पात्याकडे कललेली असली, कीं लांकूड त्या चढत्या दांत्यांवर दाबलें जातें आणि क्षणार्धांत उसळून चालविणाऱ्याच्या पोटाकडे येतें. त्याच्यामागोमाग हातहि पात्यावर ओढला जाऊं शकतो. यास्तव पात्याच्या रेषेंत उभें न राहतां किंचित् बाजूस राहावें, हें तर खरेंच. पण खरा उपाय चीर मिटूं न देण्याचा आहे.

त्यासाठीं पात्याच्या लगेच मागें एक पातळ पट्टी उभी करितात. इंग्लंडांत १९२२ सालच्या लांकूडकामाच्या यंत्रांविषयींच्या नियमांनीं अशी पट्टी कारखान्यांतील गोल करवतीस आवश्यक ठरविली होती. आमच्याकडील उलट्या करवतीस ती क्वचितच दिसते. ती करणें कठीण नाहीं. तक्त्याएवढें ६ मिलिमीटर जाडीचें प्लायवुड घेऊन तें चालू पात्यावर नेहमींप्रमाणें ढकलीत न्यावें, आणि अर्धें चिरलें म्हणजे थांबून यंत्र बंद करावें. पातें स्थिर झाल्यावर व विजेची जोडणी काढल्यावर तें प्लायवुड तेथेंच तक्त्यास स्क्रूंनीं पक्कें करावें. आतां पात्याभोंवतीं त्याच्या जाडीएवढीच फट उरते. तींत बारीक तुकडे पडून अडकत नाहींत, आणि लांकडाची खालची कड फुटत नाहीं. पात्यामागें जी चीर पडली, तींतच कठीण लांकडाची चपटी फांक सरसानें उभी बसवावी. वर निघालेला तिचा भाग कानशीनें घांसून चिरेहून किंचित् बारीक, पण पात्याच्या पत्र्याहून जाड ठेवावा. चीर २.४ मिलिमीटर व पत्रा १.६ मिलिमीटर असल्यास ही जाडी २ मिलिमीटर योग्य होय. अधिक जाड झाल्यास लांकूड अडतें, पातळ झाल्यास पट्टी असून नसल्यासारखी.

लांकूड पुढें सारण्यास काठी वापरणारे लोक आढळतात, पण काठी मागूनच ढकलते. १८ मिलिमीटर प्लायवुडाचा, जोड्याच्या आकाराचा, टांचेस खांच असलेला ठोकळा करावा; तो लांकूड खालींहि दाबतो. असे चार ठोकळे करून ठेवावे. पात्यानें ठोकळा कुरतडला तर दुःख मानण्याचें कारण नाहीं.

खटका बांधून ठेवण्याची चाल आम्हांस सर्वांत घातुक वाटते. वीज जाऊन परत आली कीं करवत आपोआप फिरूं लागते, व त्या वेळीं कोणाचा हात कोठें असेल याचा नेम नसतो. वीज गेल्यावर स्वतः बंद होणारा व पुन्हां दाबल्यावांचून सुरू न होणारा स्विच जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावा. त्यावर बिजागरीनें एक फळी लटकवावी, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले असतां गुडघ्यानें यंत्र बंद करितां येतें.

मापाची गोष्ट ह्याहून निराळी नाहीं. आधारपट्टी पात्याशीं समांतर नसली तर लांकूड उसळतें व मापहि चुकतें. जोडणी काढून एका दांत्यावर खडूनें खूण करावी. तोच दांता पुढें व मागें हातानें फिरवून त्याचें पट्टीपासूनचें अंतर दोन्ही ठिकाणीं मोजावें. मागील अंतर पुढील अंतराहून कधींहि कमी असूं नये.

आडव्या छेदासाठीं सरकती गाडी करावी. तक्त्यास खांचा नसल्यास गाडीच्या खालच्या दोन पट्ट्या तक्त्याच्या समांतर कडांस बाहेरून लागून सरकतील अशा ठोकाव्या. पातें ज्या ठिकाणीं चालविणाऱ्याच्या बाजूस डोकावतें, तेथें जाड ठोकळा हवाच. आधार काटकोनांत आहे कीं नाहीं हें गुण्यानें पुरतें कळत नाहीं. चौकोनी फळीची एक कड कापावी. कापलेली कड आधारास लावून पुढची, अशा चारी कडा कापून पांचव्या खेपेस पहिल्याच कडेची बोटभर पट्टी काढावी. तिच्या दोन टोकांच्या रुंदींतील फरकांत एका छेदाची चूक चौपट होऊन दिसते. पट्टी ४०० मिलिमीटर लांब असून फरक १.२ मिलिमीटर आला, तर चूक ०.३ मिलिमीटर, म्हणजे सुमारें तीन साध्या कागदांची जाडी. आधाराचे दोन स्क्रू ४०० मिलिमीटर अंतरावर असल्यास एक तसाच ठेवून दुसऱ्यापाशीं आधार तेवढाच सरकवावा, आणि पुन्हां पांच छेद घेऊन पाहावे.